डाव्या कानाने ऐकलेला समुद्र

तारीख 10 मार्च 1966. तुम्ही हॉलिवूडमध्ये सनसेट बुलेव्हार्डवरच्या 6000 क्रमांकाच्या इमारतीत शिरला आहात. वेस्टर्न रेकॉर्डर्स, स्टुडिओ तीन. नाव गाजलेलं, पण खोली लांबट आणि अरुंद, आणि आज तिच्यात पंधराहून जास्त वादक दाटीवाटीने बसलेत. भिंतीला पाठ लावून उभे राहा, वायरींत पाय अडकू देऊ नका. दोन ॲकॉर्डियनवाले खांद्याला खांदा लावून बसलेत. फ्रेंच हॉर्नवाला ओठ ओले करून घेतोय. ड्रमवर हॅल ब्लेन आहे. त्याच्यापलीकडे जिम गॉर्डन, अजून पुरता एकवीसचाही नसलेला पोरगा. त्याच्या हाताखाली संत्र्याच्या रसाचे रिकामे प्लॅस्टिकचे कप आहेत आणि तो त्यांच्यावर वाजवून बघतोय. टक, टक-टक. एक बास विजेचा, एक उभा लाकडी. कुणीतरी घुंगरांचा पट्टा हलवून परत मांडीवर ठेवतो.

गाण्याचं नाव 'गॉड ओन्ली नोज'. आज फक्त वाद्यं वाजायची आहेत, गायचं नंतर. काचेपलीकडे टेबलाशी रेकॉर्डिस्ट चक ब्रिट्झ आणि त्याच्याशेजारी बीच बॉइजचा ब्रायन विल्सन. वय 23. त्याच्याकडे नीट बघा. मान जरा फिरवलेली आहे आणि डावा कान स्पीकरच्या दिशेला आहे. उजव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. स्टिरिओ म्हणजे काय, हे तो इतरांकडून ऐकून जाणतो. स्वतः त्याने ते अनुभवलेलं नाही.

मधला वाद्यांचा तुकडा काही केल्या बसत नाहीये. सूर लांबवले की गाणं तिथे जडावतं, आणि त्यापुढे पुन्हा उचलता येत नाही. मग डॉन रँडी पियानोवरून सुचवतो, हा भाग तोडून, आखूड सुरांत वाजवला तर? ब्रायन करून बघायला सांगतो. सगळे वाजवतात, आणि एका मिनिटापूर्वी चिखलात रुतलेला तुकडा उड्या मारत पुढे जातो. पुढे जगभरचे संगीतकार हे गाणं ऐकून हात टेकणार आहेत. त्यातली ही जागा एका रोजंदारीवरच्या वादकाच्या सूचनेतून आली, आणि 23 वर्षांच्या मुलाला ती लगेच पटली.

आता वाद्यं सोडा आणि खोली ऐका. वाद्यांपुढे मायक्रोफोन आहेत खरे, पण इतक्या लहान जागेत ड्रमचा आवाज ॲकॉर्डियनच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, हॉर्नचा बासच्या. भिंतींवरून परतलेला आवाज सगळ्यांत शिरतो. कागदावर हा दोषच. पण याच गळतीमुळे इतकी माणसं एका श्वासात वाजवल्यासारखी ऐकू येतात. ती वेगळी काढता येत नाही. टेपवर वाद्यांबरोबर ही खोलीही उतरते. पन्नास वर्षांनी जाड पुठ्ठ्यातली, भारी किमतीची एलपी घेण्यासाठी माणसं पदरमोड करतात, त्यांना मिळण्यासारखी खरी गोष्ट हीच खोली आहे, असं माझं ठाम मत आहे. बाकी वजन, चकाकी, मर्यादित प्रती हे सगळं त्यामागून येतं.

बीच बॉइज सर्फिंगच्या गाण्यांतून इथवर कसे आले, ते बघायला पाच वर्षं मागे चला.

1961चा उन्हाळा. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, बॅल्बोआच्या किनाऱ्यावर रॉन्देव्हू बॉलरूम नावाचं लाकडी नाचघर आहे. तुम्ही दारातून आत येता तेव्हा जमीनच हादरत असते. शेकडो पोरं पाय आपटतायत. काहींच्या केसांत अजून वाळू आहे. रंगमंचावर डिक डेल. वडील लेबनीज वंशाचे, स्वतः डावखुरा, आणि उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार उलटी धरून वाजवतोय. एकाच तारेवर वरखाली इतकी जलद छेड की सूर वेगवेगळे ऐकूच येऊ नयेत, अंगावर येणारा लोंढा वाटावा. स्वतः लाटांवर फळी घेऊन जाणारा माणूस आहे हा. पाण्यातला तो दणका त्याला गिटारीतून हवा आहे. त्याच्यापायी ॲम्प्लिफायर जळतात, आणि फुलर्टनला बसलेला लिओ फेंडर त्याच्यासाठी आणखी दणकट ॲम्प्लिफायर बांधतो. याच सुमारास फेंडर कंपनी एक वेगळी पेटीही बाजारात आणते. तिच्यात लांब स्प्रिंगा ताणलेल्या. गिटारचा आवाज त्या स्प्रिंगांतून फिरवून आणला की तो भिजल्यासारखा, थेंब निथळल्यासारखा बाहेर येतो. सर्फ संगीताचा तो ओला झणकार पुढे समुद्र ओलांडून गेला. 1965च्या 'गुमनाम'मधलं 'जान पहचान हो' आठवा, त्यातली गिटार याच घराण्यातली आहे.

तिथून हॉथॉर्न. विमानतळापासून जवळचं मध्यमवर्गी उपनगर, एकशेएकोणिसाव्या रस्त्यावरचं बेताचं घर. विल्सन मंडळींचे आईवडील मेक्सिकोला गेलेत, जेवणाखाण्यासाठी पैसे ठेवून. ब्रायन, डेनिस, कार्ल हे तीन भाऊ, आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी त्या पैशांत भर घालून वाद्यं भाड्याने आणली आहेत. सर्फिंगवर गाणं करू या, ही कल्पना डेनिसची. पाचांत लाटांवर खरोखर जाणारा तेवढा एकच. ब्रायनला पाण्याची ओढ नाही. त्याला ओढ आहे ती चार गळे एकमेकांत कसे बसतात याची. घरी तो फोर फ्रेशमेनच्या रेकॉर्डी लावून बसतो, सुई उचलून पुन्हा त्याच जागी ठेवतो, आणि एकेका गायकाची ओळ सुटी करून भावांना शिकवतो. ते घर आज नाही. ऐंशीच्या दशकात महामार्गासाठी ते पाडलं गेलं.

1962 ते 1964ची वर्षं आपण धावतच ओलांडू. कॅपिटल कंपनीशी करार, 'सर्फिन सफारी', मग 'सर्फिन यू.एस.ए.', आणि 1963च्या सप्टेंबरात 'सर्फर गर्ल'. इथे क्षणभर थांबा, कारण निर्माता म्हणून ब्रायनचं नाव पहिल्यांदा याच अल्बमवर छापलं गेलं. लाटा, मुली, मोटारी सगळं आहे. आणि मध्येच 'इन माय रूम' येतं. त्यात समुद्र नाही. आपल्या खोलीचं दार लावून घेणारा मुलगा आहे. पुढचं सगळं त्या गाण्यात आधीच आहे. या काळातल्या बहुतेक अल्बमांचं खरं स्टिरिओ मिश्रण तेव्हाच झालं होतं, म्हणून त्यांच्या नव्या स्टिरिओ आवृत्त्या मी आनंदाने ऐकतो. त्यांत मुलांचा श्वासही कळतो. 'सर्फर गर्ल' स्टिरिओत घेतलीत तरी तुमचं काही चुकणार नाही. 'गॉड ओन्ली नोज' ज्या अल्बममध्ये आहे, त्या 'पेट साउंड्स'ची गोष्ट निराळी.

1964च्या डिसेंबरात ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात ब्रायन कोसळतो, रडू आवरत नाही, आणि त्यानंतर तो दौऱ्यावर जाणं सोडतो. बाकीचे गावोगाव गातात, तो स्टुडिओत बसतो. 1966च्या जानेवारीत ते जपानमध्ये आहेत आणि इकडे ब्रायन भाड्याच्या वादकांना घेऊन पाठीमागचं संगीत उभं करतोय. शब्दांसाठी त्याने जाहिरातींची वाक्यं लिहिणाऱ्या टोनी ॲशरला गाठलंय. 22 जानेवारीला गोल्ड स्टार स्टुडिओत 'वुडन्ट इट बी नाइस', 31 जानेवारीला वेस्टर्नमध्ये 'कॅरोलाइन, नो'. त्या दिवशी तुम्ही हॅल ब्लेनच्या बाजूला उभे असता तर त्याला ड्रम सोडून पाण्याच्या मोठ्या रिकाम्या बाटलीवर ठोके देताना पाहिलं असतंत. भरपूर घुमारा देऊन तो ठोका टेपवर गेला. गाण्याची सुरुवातच तिथून होते.

या वादकांपैकी एकाचंही नाव अल्बमच्या पुठ्ठ्यावर छापलं जाणार नाही. पुठ्ठ्यावर सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बकऱ्यांना चारा भरवणारी पाच मुलं आहेत. कॅरोल केचा बास, हॅल ब्लेनचे ड्रम, लॅरी नेक्टेलची पेटी ओळखायची ती कानाने. मुंबईत ताडदेवच्या नि महालक्ष्मीच्या स्टुडिओंत त्याच वर्षांत हेच चाललं होतं. गोव्याहून आलेले व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाले हिंदी चित्रपटांची गाणी उभी करत होते, आणि रेकॉर्डीच्या लेबलवर नावं संगीतकाराची नि गायकांची. शंकर-जयकिशनच्या संगीताची मांडणी करणारे सबॅस्टियन डिसोझा किंवा ताल सांभाळणारे दत्ताराम वाडकर किती जणांना ठाऊक असतील? आज एखादी नवी आवृत्ती वादकांची पूर्ण यादी छापते, तेव्हा उशिरा का होईना एक देणं फिटतं. माझ्या लेखी ती यादी तबकडीच्या वजनाहून मोलाची आहे.

आता सनसेट बुलेव्हार्डवरच कोलंबियाच्या स्टुडिओत या. वसंत ऋतू, मुलं जपानहून परतलीत. इथे आठ ट्रॅकचं टेप मशीन आहे, जे त्या वेळी फार थोड्या ठिकाणी मिळे. वेस्टर्नमध्ये तीन-चार ट्रॅकवर घेतलेली सगळी वाद्यं एका ट्रॅकवर ओतली जातात, आणि उरलेल्या सात ट्रॅकवर गळे. म्हणजे जिम गॉर्डनचे कप आणि फ्रेंच हॉर्न आता कायमचे एकत्र. त्यांचं प्रमाण ठरलं ते ठरलं. 'गॉड ओन्ली नोज' गाण्यासाठी ब्रायन स्वतः पुढे होत नाही. 19 वर्षांच्या कार्लला उभा करतो. शेवटी ब्रायन आणि गटातला ब्रूस जॉन्स्टन एकमेकांच्या मागून त्याच ओळीत शिरतात, गोल फिरत राहतात.

'हिअर टुडे'चे गळे घेताना कान टवकारा. मधला वाद्यांचा तुकडा चालू आहे, गायक थांबलेत, पण मायक्रोफोन उघडे आहेत. कुणीतरी शेजाऱ्याशी कॅमेऱ्याबद्दल बोलतोय. ते बोलणं टेपवर गेलं, तिथून अंतिम मिश्रणात, तिथून लाखो घरांत. पुसायला कुणी थांबलं नाही. आज चांगल्या साधनांवर ते बोलणं ऐकू येतं तेव्हा काहींना खटकतं. मला ते मिळालेलं दान वाटतं.

अंतिम मिश्रण मोनो. सगळं एका वाहिनीत. एका कानाच्या माणसाची ही लाचारी होती असं समजू नका. त्या काळी गाणं पोचायचं ते मोटारीतल्या एएम रेडिओवरून, एकुलत्या स्पीकरमधून. शिवाय मोनोत ऐकणारा कुठेही बसो, सुरांचं प्रमाण निर्मात्याने ठरवलं तेच राहतं. दोन ॲकॉर्डियन, हॉर्न आणि बास एकमेकांवर रचून त्यांतून तिसराच रंग काढायचा, ज्याला कुठल्या वाद्याचं नाव देता येत नाही. ही ब्रायनची कला आणि ती एकमेकांवर रचण्यातच आहे. वाद्यं डावी-उजवीकडे पांगवली की तो तिसरा रंग विरतो.

पुढचा मुक्काम व्हाइन स्ट्रीटवरचा कॅपिटल टॉवर. 1956 साली उघडलेली गोल इमारत, 13 मजली, माथ्यावर लुकलुकणारा लाल दिवा. तो मोर्सच्या खुणांत 'हॉलिवूड' असं लिहीत असतो. रेकॉर्ड कशी कापतात ते पाहून घ्या, कारण सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे. ॲल्युमिनिअमच्या चकतीवर काळ्या लॅकरचा चकचकीत थर. चकती फिरते, तापवलेली टोकदार कापणी-सुई तिच्यात चर पाडत बाहेरून आत सरकते. निघालेला धागा, केसाहून बारीक, नळीने ओढून घेतात. जोराचा बास आला की चर रुंद हेलकावे घेतो, शेजारच्या चरात घुसायला बघतो. त्यात पोरांकडची स्वस्त यंत्रं. चर फार नागमोडी असला की सुई उडी मारते आणि रेकॉर्ड दुकानात परत येते. म्हणून त्या काळचे कापणारे सावध असत. बास जरा कमी, टोकं जरा बोथट.

आणखी एक गोष्ट तिथेच समजून घ्या. मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर सरकते. लेबलच्या जवळ पोचते तेव्हा फक्त 21. फेऱ्या तितक्याच, वर्तुळ लहान. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत खोदायचं. बारीक, उंच सूर तिथे चिरडतात. दुसरी बाजू 'गॉड ओन्ली नोज'ने उघडते, तिला ऐसपैस कडेची जागा मिळाली. आणि सगळ्यात नाजूक 'कॅरोलाइन, नो' शेवटी, अगदी लेबलाला टेकून. ते गाणं टेपचा वेग किंचित वाढवून आवाज तरुण केलेलं. सूचना ब्रायनच्या वडिलांची. त्याच्यानंतर आगगाडी आणि ब्रायनच्या बनाना आणि लुई या कुत्र्यांचं भुंकणं. हे सगळं सर्वांत वाईट जागेत.

16 मे 1966ला 'पेट साउंड्स' दुकानांत येतो. तुम्ही एका पोराच्या खोलीत. सुटकेससारखं उघडणारं रेकॉर्ड प्लेअर, झाकणातच स्पीकर. सुई सिरॅमिक कार्ट्रिजची, बोटाने दाबल्यासारखी जड. रेकॉर्ड पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या कारखान्यातली असेल तर लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत छोट्या त्रिकोणात कामगार संघटनेची तीन अक्षरं ठसलेली दिसतील. पोरगा 'स्लूप जॉन बी' पुन्हा पुन्हा लावतो. रात्री उशिरा 'कॅरोलाइन, नो' लावतो तेव्हा बासरी फाटकी वाजते, पण त्याला दुसरं काही माहीतच नाही. त्याच्या बहिणीने एखादा डॉलर जास्त मोजून स्टिरिओ लिहिलेली प्रत आणली आहे. तिची बिचारीची फसवणूक झाली. ते स्टिरिओ खरं नव्हतंच. कॅपिटल त्याला 'ड्युओफोनिक' म्हणे. मोनोचेच दोन तुकडे करून एका बाजूला उंच सूर, दुसऱ्या बाजूला खालचे, आणि दोघांत अंमळ उशीर. ब्रायनने एकत्र बांधलेलं सगळं त्यात उसवलं. अमेरिकेत अल्बम दहाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्यापर्यंत पोचला.

सत्तरचं दशक भरकन जाऊ द्या. 1972 साली 'पेट साउंड्स' पुन्हा निघाला तो दुसऱ्या एका अल्बमचा जोडीदार म्हणून. 1973ला तेल महागलं, तेलापासून होणारं व्हिनाइल महागलं, तबकड्या पातळ झाल्या, जुन्या वितळवून नव्यांत मिसळल्या जाऊ लागल्या. मग कॅसेट, मग सीडी. 1983च्या डिसेंबरात डेनिस, त्या पाचांतला समुद्राचा एकमेव खरा भिडू, मरीना डेल रे बंदरात बुडाला.

थांबायचं ते 1996च्या सुमाराला, रेकॉर्डिस्ट मार्क लिनेटच्या टेबलाशी. 'पेट साउंड्स'चं खरंखुरं स्टिरिओ करायचं त्याने मनावर घेतलंय. त्यासाठी वाद्यांच्या मूळ टेपा आणि गळ्यांच्या आठ ट्रॅकच्या टेपा यांची गाठ घालायची, ताल तीळभरही न ढळू देता. तो ते साधतो. पण 'वुडन्ट इट बी नाइस'मध्ये एक जागा अडते. मधल्या ओळी मोनोत माइक लव्ह गातो. त्याचा सुटा आवाज टेपांत सापडत नाही. म्हणून त्या स्टिरिओत तिथे ब्रायन गातो. पुढच्या मिश्रणात माइकचा आवाज परत आणला गेला. हे स्टिरिओ ऐकताना तुम्ही त्या लांबट खोलीत फिरून येता, एकेका वादकापाशी वाकून बघता. अभ्यासाला याहून चांगली गोष्ट नाही. पण अल्बम म्हणून मी मोनोच लावतो. ब्रायनने जे बांधलं, ते मोनोत अजून बांधलेलं आहे.

आता 2010च्या दशकाचा मध्य. ॲनालॉग प्रॉडक्शन्स नावाची छोटी कंपनी बीच बॉइजचे साठच्या दशकातले अल्बम ओळीने काढतेय, आणि कापणीचं काम लॉस एंजेलिसजवळ केव्हिन ग्रेकडे, त्याच्या कोहिरंट ऑडिओमध्ये आहे. बाजूला उभे राहा आणि टेप मशीनकडे बघा. त्यावर वाचणारी दोन डोकी आहेत. टेप पहिल्या डोक्यावरून जाते, मग लांबून वळसा घालते आणि मग दुसऱ्यावरून जाते. कापणी-सुईला मिळतो तो दुसऱ्या डोक्याचा आवाज. पहिल्याचा आवाज जातो लेथला, म्हणजे चर कापणाऱ्या यंत्राला, आगाऊ वर्दी म्हणून: थोड्या वेळात जोराचा बास येतोय, जागा सोड. तबकडीची एक फेरी 1.8 सेकंदांची, साधारण तेवढं पुढचं लेथला आधी कळलं पाहिजे, म्हणजे चर कुठे रुंद ठेवायचा आणि कुठे दाट बसवायचा हे त्याला ठरवता येतं. मोठा बास आणि शेवटच्या गाण्याला पुरेशी जागा, दोन्ही साधतं ते यामुळे.

असं मशीन दुर्मीळ आहे. ऐंशीच्या दशकापासून पुष्कळ ठिकाणी या वळशाऐवजी डिजिटल विलंबयंत्र बसवलं गेलं. वर्दी मूळ टेपवरून आणि कापणी डिजिटल नकलेवरून, आणि ऐकणाऱ्याला पत्ता नाही. 2022 साली मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या कित्येक रेकॉर्डींमध्ये डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं तेव्हा गदारोळ झाला, खटले झाले. त्या रेकॉर्डी वाईट वाजत नव्हत्या. राग होता न सांगितल्याचा, आणि तो रास्त होता. ग्राहक या किमतीत आवाजाबरोबर त्या आवाजाचा प्रवासही विकत घेतो; तो खरा सांगायलाच हवा.

ग्रे टेप लावतो. स्पीकरमधून हॉर्न येतो, ॲकॉर्डियन येतात, आणि ते कप. टक, टक-टक. 1966च्या पोराच्या यंत्रावर ते कप नुसता खरखरीत ठोका होते. इथे प्लॅस्टिक कळतं, पोकळी कळते, आणि ठोका भिंतीवर जाऊन परतल्याचं कळतं. स्वस्त सुई उडी मारेल ही धास्ती आता नाही, म्हणून बासही छाटायचा नाही. काही जुने रसिक म्हणतात, पहिली आवृत्ती तीच खरी, कारण त्या पोराने तेच ऐकलं. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण ब्रायनने डावा कान लावून पारखलं ते काचेपलीकडच्या स्पीकरवर, झाकणातल्या स्पीकरवर नव्हे. टेपवर जे आहे त्याच्याजवळ नेणारी प्रत मला जास्त खरी वाटते. आणि टेप थकते. प्रत्येक वेळी डोक्यावरून गेली की तिच्यावरचा चुंबकी थर कणभर झिजतो. हे काम आणखी 50 वर्षांनी असंच करता येईल, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

लॅकर कापून झाला. त्याच्यासोबत तुम्ही कॅन्ससच्या सलाइना गावी येता. चारी दिशांना गव्हाची शेतं, समुद्र शेकडो मैल दूर. ॲनालॉग प्रॉडक्शन्सच्याच चॅड कॅसमचा क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज हा कारखाना इथे 2011 साली सुरू झाला. लॅकरवर चांदीचा फवारा, मग निकेलच्या द्रावणात बुडवून विजेने धातू चढवायचा, सोलून काढायचा. उलटा ठसा निघतो. त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा साचा. हातमोजे घातलेला माणूस साचा दिव्याखाली तिरका धरून फिरवतो आणि त्याची नजर चरांवरून सरकत जाते. एक डाग दिसला की साचा बाद.

यंत्राशी गरम व्हिनाइलचा गोळा दोन लेबलांच्या मध्ये ठेवला जातो. वाफेने तापलेले साचे मिटतात, गोळा पसरून कडेबाहेर येतो, मग साच्यांमागून थंड पाणी. कडेचं जास्तीचं व्हिनाइल कापलं जातं आणि तबकडी बाहेर येते, 200 ग्रॅमची. नेहमीची असते 120 ते 140. एवढ्याने आवाज सुधारतो असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. जड तबकडी सपाट राहायला आणि यंत्रावर स्थिर बसायला मदत होते, इतकंच. कापणी वाईट असेल तर अर्धा किलोची तबकडीही वाईटच वाजेल. खरेदी करताना वजनाचं स्टिकर बघण्याआधी कुणी कापली, कोणत्या टेपवरून, हे वाचा. मोनो की स्टिरिओ हे वाचा.

पहिल्या चाचणी प्रती ऐकण्याच्या खोलीत आल्यात. दुसरी बाजू. हॉर्न आला, कप आले. 'हिअर टुडे'त कॅमेऱ्याचं बोलणं जिथल्या तिथे आहे. ते टेपवरचं आहे म्हणून कुणी हात लावलेला नाही. सुई आत आत सरकते, 51 सेंटिमीटरवरून 21कडे. शेवटची पट्टी. पाण्याच्या बाटलीवरचा ठोका घुमतो. बासरी येते आणि फाटत नाही, लेबलापासून दोन बोटांवर असूनही फाटत नाही. आगगाडी जाते, बनाना आणि लुई भुंकतात, सुई कोऱ्या पट्टीत गोल फिरते. त्या पट्टीत हाताने कोरलेली अक्षरं आहेत, केव्हिन ग्रेच्या नावाची आणि कोहिरंट ऑडिओची आद्याक्षरं. ऐकणारा माणूस कागदावर खूण करतो, प्रत पाकिटात घालतो आणि दार उघडून बाहेरच्या गडगडाटात ओरडून सांगतो की हा साचा चालेल, पुढच्या पाळीपासून लावा.